देवकाबाईचं इन्सुलिन

सौंसर,
शनिवार, दुपार

प्रिय आशू,

हातात फोन असताना बाबांनी पत्र का लिहिलं म्हणून हसू नकोस. फोनवर तू "काय झालं?" विचारतेस आणि माझ्या तोंडून "काही नाही" निघून जातं. आठ दिवस हेच चाललंय. कागदावर निदान मला मध्येच विषय बदलता येणार नाही. खरं सांगतो, मी घाबरलोय. सकाळी औषधाच्या दुकानाचं शटर वर करतो आणि इन्सुलिनचा फ्रीज उघडायचा टाळत राहतो. बोरगावच्या देवकाबाईला माझ्या हातून इन्सुलिनची चुकीची बाटली गेली. ती वाचली, पण प्रकरण तिथं संपलेलं नाही.

देवकाबाई तुला आठवतच असेल. तू बारावीत असताना दुकानात बसायचीस, तेव्हा तुला "डाक्टरीनबाई" म्हणायची ती. औषध घेतलं तरी अर्धा तास बाकावरून उठायची नाही. सगळ्या गावाची खबरबात सांगून झाली की मग विचारायची, "भाऊ, साखर मोजून द्या ना जरासी." तिचं बोट टोचायला दुसरं कुणी चालायचं नाही. बारा वर्षांत तिचं पथ्य, तिच्या पायाची जखम, तिच्या गोळ्या सुटून इन्सुलिन लागणं, हे सगळं त्या बाकावरच झालं. डॉक्टरांकडे ती तीन महिन्यांनी जाते, माझ्याकडे दर आठवड्याला.

आपल्या दुकानाचा नियम तुला ठाऊक आहे. बाटलीवरचा आकडा, एका मिलीत किती युनिट इन्सुलिन तो, आपण मोठ्याने वाचायचा आणि गिऱ्हाइकाकडून वदवून घ्यायचा. चाळीसच्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, शंभरच्या बाटलीला नारंगी टोपीची. शंभरचं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं, तर अडीचपट अंगात जातं. बाबा गिऱ्हाइकांकडून पाढे म्हणवून घेतात, असं तू चिडवायचीस. ती चुकीची बाटली गेली त्या संध्याकाळीही मी नियम पाळला गं. बाटली हातात घेतली, "चाळीस" म्हणालो. देवकाबाई म्हणाली, "चाळीस." तिला कुठं वाचता येतं? ती माझ्यामागून म्हणते. बाटली शंभरची होती, पांढुर्ण्याच्या सुरेश गुरुजींसाठी मागवलेली, आणि तिच्या घरी सगळ्या सिरिंजा लाल टोपीच्या.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास गुरुजी ती न्यायला आले, आणि फ्रीजमध्ये ती नव्हती. चाळीसची मात्र एक जास्त होती. आशू, त्या क्षणी कळलं, ती देवकाबाईकडे गेली. रोशनला, म्हणजे देवकाबाईच्या मुलाला, फोन लावला, उचलेना. कापूस वेचायला सगळे वावरात गेले असणार. चाळीसची बाटली खिशात टाकली, ग्लुकोजची पुडी घेतली आणि गुरुजींना दुकानात तसंच बसवून स्कूटर काढली. बोरगावपर्यंतचा तो रस्ता मला आजही नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की मी मोठमोठ्याने मोजत होतो, नव्या बाटलीतली सुई सकाळी आठला घेतली असेल तर किती वेळ झाला.

देवकाबाई बाजेवर पडली होती, अंगावरचं पातळ घामाने भिजलेलं. मला ओळखलं नाही. मेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन म्हणाली, "आले काजी?" गिळता येत होतं, हेच नशीब. चमच्याचमच्याने ग्लुकोज पाजलं. पंधरा मिनिटांनी तिने डोळे नीट उघडले आणि मी भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलो. मग ती शंभरची बाटली शोधली, खिशात घातली आणि तिच्या जागी चाळीसची ठेवली. चुकीची उचलली ते बरोबरच केलं. दुसरी ठेवून गप्प बसलो, ते नाही.

रोशन आणि त्याची बायको प्रज्ञा वावरातून आले, आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांना मी सांगितलं, डोस अडीचपट गेला असावा. उपचारासाठी ते सांगणं भाग होतं. कसा गेला, ते बोललो नाही. रोशनने वळून बायकोकडे पाहिलं. सुई प्रज्ञाच भरते ना. ती पोरगी एवढंच म्हणत राहिली, "म्या वीसच घेतलं होतं जी. वीसच." दोन वर्षं ती रोज दोनदा सासूला सुई देते, माझ्याकडूनच शिकली; तिचा हात तुझ्यापेक्षा स्थिर आहे, राग मानू नकोस. मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत काम झालं असतं. तेवढ्यात रोशनने माझे पाय धरले. "भाऊ, तुमी देवासारखे धावून आले." आणि आशू, मी त्याला उठवलं आणि पाठीवर हात ठेवला.

प्रज्ञाला त्याच संध्याकाळी पांढुर्ण्याला माहेरी पोचवलं. बोरगावात बोलून राहिले की सुनेने मुद्दाम केलं. आणि देवकाबाई आता कुणाच्याच हातून सुई घेत नाही. रोशन तिला सकाळ-संध्याकाळ दुकानात आणतो. "भाऊच्याच हातानं," म्हणते. मी सिरिंज भरतो, रेघ दिसते न दिसते, उजेडाकडे धरतो, समोर जे कोण उभं असेल त्याला म्हणतो, वाच रे जरा. तिला वाटतं मी गंमत करतो. ती हसते आणि दंड पुढे करते.

आता जे तुझ्या आईलाही सांगितलं नाही ते. माझी साखर अकरा वर्षांपासून आहे, हे तुम्हाला माहीत आहे. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो, आणि स्वतः एकदाही गेलो नव्हतो. दिवाळीपासून उजव्या डोळ्यापुढे जाळं दिसतंय. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून ढकलत राहिलो. परवा गुरुजींना भेटायचं सांगून पांढुर्ण्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, पडद्यावर रक्त झिरपलंय, डावाही सुरू झालाय. म्हणजे त्या संध्याकाळी मी आकडा वाचलाच नव्हता, बेटा. देवकाबाईची बाटली चाळीसची असते, म्हणून चाळीस म्हणालो. तिच्याआधी आणखी किती जणांना असंच दिलं असेल, हा विचार मला जेवू देत नाही.

मला कशाकशाची भीती वाटते ते लिहितो. लायसन्स जाईल. पोलीस येतील. रोशन ज्या हातांनी पाय धरले त्याच हातांनी कॉलर धरेल. तू पुढच्या वर्षी फार्मसी पूर्ण करून या गावात आलीस, तर लोक तुला माझ्या नावाने ओळखतील. आंधळा झालो तर काय, हे तर अजून मोजलंच नाही. आठ दिवस रोज ठरवलं, आज सांगायचं, आणि रोज दुकानच उघडलं. माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही, म्हणून हे पत्र. आता उठून ते पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे. एकदा ते आत पडलं की तुला कळणार, आणि तुला कळणार म्हटल्यावर मला मागं फिरता येणार नाही. आता दुकान उघडणार नाही, रोशनला आईला सुईसाठी दवाखान्यात न्यायला सांगितलंय. उद्या पहिल्या बसने पांढुर्ण्याला, आधी प्रज्ञाकडे. तिच्या आईवडिलांसमोर म्हणायचं आहे, पोरी, तू वीसच घेतलं होतंस. मग तिला सोबत घेऊन, ती आली तर, बोरगावला.

तुझाच,
बाबा