आता डावीकडं

मलिंगार, आयर्लंड
शुक्रवार, १८ जून २०२१

तीर्थरूप आबांना सलीलचा साष्टांग नमस्कार (सव्वा वर्ष स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून ऑफिस केल्यामुळे कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी दोन-तीन अंगं बाकी ठेवली आहेत, ती गोड मानून घ्यावीत). इकडे मी, वैदेही आणि श्रावणी तिघंही ठीक आहोत. तुमचा गुडघा, तुमचा रक्तदाब आणि नीलिमाकाकूंच्या मांजराशी चाललेलं तुमचं भांडण यांची खुशाली कळवावी. आईचीही कळवावी. सात रविवार झाले, तिचा आवाज ऐकलेला नाही. दर वेळी मी विचारतो आणि दर वेळी ती आरतीला गेलेली असते. मला काळजी लागून राहिली आहे आणि हे पत्र त्या काळजीपोटीच आहे. पण सरळ मुद्द्यावर यायची आपल्या घरात पद्धत नाही, म्हणून आधी फुटबॉलचं सांगतो.

फोनवर हे सांगता आलं नसतं. आपलं फोनवरचं बोलणं तुम्हाला ठाऊक आहेच. रविवारी इथले दोन, तिथले साडेसहा. मी विचारतो, औषधं वेळेवर चाललीत का, आई कशी आहे, बाकी काय. तुम्ही म्हणता, चाललीत, आरतीला गेलीय, बाकी सगळं बेस. चार मिनिटांत मामला आटोपतो. पोस्टाने पत्र टाकावं तर ते दिवाळीच्या फराळाबरोबर पोचेल, म्हणून कागदांचे फोटो काढून नीलिमाकाकूंच्या मोबाइलवर पाठवतोय. शेजारधर्म म्हणून त्या छापून आणून देणार आहेत आणि मधे वाचणार नाही असं त्यांनी कबूल केलंय (काकू, इथपर्यंत वाचलंत ते राहू द्या, आता चष्मा काढा).

तर इथला फुटबॉल. तुम्ही ज्याला फुटबॉल म्हणता त्याला इथे सॉकर म्हणतात. हे लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पंधरा-पंधरा माणसं चेंडू हातात घेऊन पळतात, मधूनच लाथाडतात, आणि तो गोलाच्या आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. (हे वाचून तुम्ही कागद बाजूला ठेवला असणार. उचला परत.) आमच्या गावचा संघ सगळ्यात खालच्या गटात आहे, त्याच्या खाली फक्त चिखल. संघाचा मॅनेजर डेक्लन हा आमचा पोस्टमन. आणि संघाची सगळी भिस्त पॉडी नावाच्या एका गवळ्यावर. वय एकेचाळीस, उंची दाराच्या चौकटीपेक्षा जास्त, आणि उभा राहतो गोलाच्या डाव्या अंगाला. आमच्या कुणाच्याही हाती चेंडू लागला की तो मान वर करतो आणि चेंडू उंच, डावीकडे, पॉडीच्या दिशेने भिरकावतो. पंधरा वर्षांपूर्वी पॉडी तो उडी मारून झेलायचा म्हणे. आता समोरच्या संघाची दोन माणसं त्याच्या पुढे, एक मागे, आणि चौथा तिथेच गप्पा मारायला उभा असतो. मैदानाला लागून गायी चरतात. आमच्याकडे चेंडू आला की गायीसुद्धा डावीकडे बघतात, असं श्रावणी म्हणते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते इथल्या हेलाच्या इंग्रजीत, त्यामुळे तिचं ऐकताना मला गायीच बोलतायत असं वाटतं.

गेल्या वर्षी प्रेक्षकांना बंदी होती म्हणून क्लबने सामन्यांचं चित्रीकरण करून ठेवलं होतं. हिवाळ्यात घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला मनाई, दुपारी चारला अंधार, त्यात मी माणूस इन्हेलरच्या कारखान्यातला, दर्जा तपासणी विभागातला. आमचं खातंच असं की तीच चूक दुसऱ्यांदा झाली की आम्हाला आनंद होतो, कारण आता तिचं मूळ सापडणार. मी पाचही सामने वही घेऊन पाहिले. आपले हल्ले एकशे सतरा. त्यातले ब्याण्णव डावीकडे पॉडीकडे, त्यातून गुण एकोणीस. उरलेल्या पंचवीस वेळा चेंडू चुकून दुसरीकडे गेला, त्यातून गुण चौदा. म्हणजे आमचा संघ नीट खेळतो तेव्हा हरतो आणि चुकतो तेव्हा जरा बरा हरतो. मी रंगीत तक्ते केले, माशाच्या काट्यासारखी ती कारणांची आकृती काढली आणि झूमवर तेवीस माणसांना पाऊण तास समजावून सांगितलं. डेक्लन म्हणाला, ग्रँड. हा इथला शब्द तुम्हाला आवडेल. मैदानात पाणी भरलं तरी ग्रँड, गुडघा निखळला तरी ग्रँड, घरात कुणी गेलं आणि शेजाऱ्याने विचारलं तरी ग्रँड. तुमच्या ‘सगळं बेस’चा सख्खा भाऊ आहे.

खरं सांगायचं तर आबा, हे शोधून काढायला मला तक्ते लागले. आईला शेंगांचा एक पुडा पुरला होता. आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या त्या फायनलला (मी सात वर्षांचा होतो, पण मला सगळं आठवतंय, उगाच मान हलवू नका) तुम्ही कोच म्हणून रेषेवर, आणि ती मला घेऊन बायकांच्या बाजूला पायऱ्यांवर. ऑफसाइड म्हणजे काय हे तिला आजही माहीत नाही. पण दहा मिनिटं झाली नाहीत तोवर ती शेंग फोडत म्हणाली, आता डावीकडं. गेला चेंडू डावीकडे. पुन्हा म्हणाली, आता डावीकडं. पुन्हा गेला. हाफटाइमपर्यंत पुढच्या तीन पायऱ्या तिच्याबरोबर कोरसमध्ये म्हणायला लागल्या, आणि त्या पायऱ्यांवर निम्मी मंडळी समोरच्या पेठेतली. आपण तीन गोलांनी हरलो. मग तालमीत सभा झाली, कोचच्या मंडळींनी डाव फोडला असा ठराव आला, आणि तुम्ही तिच्याशी चार दिवस बोलला नाहीत. पाचव्या दिवशी ताट वाढताना ती म्हणाली की डाव फुटायला आधी दोन डाव असावे लागतात. त्या दिवशी हसू आवरायला तुम्ही ताटात बघत राहिलात, तेही मला आठवतंय.

आता मूळ प्रसंग. गेल्या शनिवारी, बारा तारखेला, बंदी उठल्यावरचा आमचा पहिला सामना. शंभर प्रेक्षकांना परवानगी होती, साठ आले. डेक्लनने (काय अवदसा आठवली कोण जाणे) माझा डाव खेळायचं ठरवलं. डावीकडे लाथ मारायचं नुसतं सोंग करायचं, समोरचे सगळे पॉडीकडे धावतील, आणि चेंडू हाताने हळूच उजवीकडे द्यायचा, जिथे आमचा उजवा गडी मोकळा असेल. सोंग झकास वठलं. समोरच्या संघाची सहा माणसं पॉडीवर जाऊन पडली. उजवीकडचं अर्धं मैदान रिकामं. चेंडू उजवीकडे गेला आणि एकटाच टप्पे घेत रेषेबाहेर गेला, कारण आमचा उजवा गडीसुद्धा सवयीने डावीकडे पॉडीकडे बघत उभा होता. असं सात वेळा झालं. मी रेषेवरून उजवीकडे, उजवीकडे म्हणून हातवारे करत होतो, ते आपल्याला हात केलाय असं समजून आमच्या गोलकीपरने परत हात केला. अकरा गुणांनी हरलो. गायीसुद्धा गोंधळून कुंपणापासून दूर गेल्या.

सामना संपल्यावर सगळे माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलले (इथे शिव्या देत नाहीत, आणि ते जास्त लागतं). मी गोलामागच्या जाळ्या गुंडाळत होतो, तर पॉडी फाटकावर बसलेला. साडेतीन शब्दांचा माणूस, पण त्या दिवशी बोलला. म्हणाला की चेंडू माझ्याकडे येणार हे सगळ्यांना कळतं हे मला कळतं. माझ्याच्याने आता झेलवत नाही हे पोरांनाही कळतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याची आई वृद्धाश्रमातच वारली. दफनाला दहा माणसांची परवानगी होती. बाकीचा सगळा संघ रस्त्याच्या कडेला दोन-दोन मीटरवर उभा राहिला आणि गाडी मधून गेली. कुणी जवळ येऊ शकलं नाही, कुणाला काय बोलावं सुचलं नाही. जुलैत खेळ सुरू झाला तेव्हापासून पोरं त्याऐवजी चेंडू देतायत. मग म्हणाला की त्याचा भाऊ तीन आठवडे त्याला आई ग्रँड आहे म्हणून सांगत होता, मनाला लावून घेईल म्हणून. मला सांगितलं असतं तर मी निदान खिडकीबाहेर उभा राहिलो असतो, असं म्हणाला. जाळ्या तशाच टाकून घरी आलो आणि गाडीतच बराच वेळ बसून राहिलो. वैदेही बाहेर येऊन काच वाजवून गेली.

तेव्हा अंदाज येणाऱ्या चालींनी संघाचं नुकसान होतं का, असं तुम्ही कोच म्हणून विचाराल तर होतं. समोरच्याला आधीच उभं राहायला जागा मिळते. दुसऱ्या दिवशी रविवारी दोन वाजता मी फोन केला, माझे तीन प्रश्न टाकले, आणि तुमची तीन उत्तरं जागेवर उभी होती. मी इतका शहाणा माणूस, एकशे सतरा हल्ले मोजले, पण सात रविवार दर खेपेला त्याच ठिकाणी चेंडू टाकतोय हे मला दिसलं नाही. किंवा दिसत होतं आणि मी बघितलं नाही, कारण तुमचं उत्तर ऐकून मलाही फोन ठेवायला बरं पडत होतं. त्याची मला लाज वाटते.

बाकी लिहिण्यासारखं विशेष नाही. पाऊस आहे. तुमच्या गुडघ्याला नमस्कार, काकूंच्या मांजराला ताकीद.

तुमचा,
सलील

ता. क. कांदा-लसूण चटणी पाठवू नये. मागचं पार्सल टपालखात्याने फोडलं, आणि डेक्लन आठवडाभर शिंकत पत्रं वाटत होता.

ता. क. दुसरा. देवळं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून बंद आहेत, आबा. तुम्हीच मला सांगितलं होतं, ‘बाकी काय’च्या उत्तरात. आरती कुठली होणार? मंगळवारी मी नीलिमाकाकूंना फोन केला. मला माहीत असेल असं समजून त्या सरळ बोलून गेल्या, त्यांच्यावर रागावू नका. एप्रिलच्या शेवटी झटका आला, उजवी बाजू गेली, शब्द गेले. डावा हात हलतो. समजतं सगळं. तुम्ही तिला भरवता, वेणी घालता (वाकडी, असं काकू म्हणाल्या), आणि रविवारी साडेसहाला तिचा आवाज फोनमध्ये येऊ नये म्हणून दार ओढून गॅलरीत येऊन उभे राहता. हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत. मला लांबून जीव जाळायला लागू नये म्हणून केलंत हेही कळतं. माझं इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड नूतनीकरणाला अडकलंय, त्याशिवाय परत इकडे येता येत नाही, ते हातात पडेल त्या आठवड्यात मी निघतोय. ‘येऊ नकोस’ हे तुमचं उत्तर मी आत्ताच ऐकून घेतलं आहे, तेव्हा परत देऊ नका.

ता. क. तिसरा, आणि ज्यासाठी हे सगळं लिहिलं तो. परवा रविवारी दोनला, म्हणजे तुमच्या साडेसहाला, आमचा पुढचा सामना आहे. मी गोलामागे उभा राहून फोन करीन. प्रश्न विचारणार नाही. तुम्ही गॅलरीत जायचं नाही. आईच्या खाटेवर बसायचं आणि फोन तिच्या कानाला लावायचा. मी तिला सामना सांगत जाईन. आपल्या पोरांच्या हाती चेंडू आला की मी थांबेन. तिचा डावा हात हलतो का तेवढं बघा आणि मला सांगा. बोटभर हलला तरी सांगा. माझे तक्ते मी परत घेतले आहेत. आज सकाळी डेक्लन टपाल घेऊन आला तेव्हा त्याला दारातच सांगून ठेवलं आहे की रविवारी काहीही झालं तरी प्रत्येक चेंडू डावीकडेच गेला पाहिजे.