विचारलं की मिळतं

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
आजपासून दोन गोष्टी. एक, कोड नव्या पद्धतीने लिहायचा. दोन, रोज डायरी. वाचणारा मीच, त्यामुळे खरं तेच लिहीन.

निमित्त: टीमच्या लीडने मीटिंगमध्ये विचारलं, तुम्ही अजून जुन्याच पद्धतीने का लिहिता? लीड माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहे. 'अहो' म्हणतो, तेवढं बरं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाणी प्यायलो.

डोळ्यांच्या हॉस्पिटलमधल्या नंबरांची सिस्टिम माझ्याकडे आहे. सतरा तारखेला सुरू होणार. जमलं तर टीममध्ये राहीन. नाही जमलं तर जुन्या प्रॉडक्टच्या देखभालीला, तळमजल्यावर, झेरॉक्स मशीनशेजारी. तिथे गेलेला माणूस परत वर आलेला मी पाहिलेला नाही.

४ मार्च, मंगळवार
सप्लायर सापडला! जावा या कोडच्या भाषेत वर्षानुवर्षं पडून होता. मला कोणी बोललं नाही.

सोपं आहे. सप्लायरकडे आपण तयार उत्तर ठेवत नाही, ते काढायची कृती ठेवतो. कोणी 'गेट', म्हणजे 'दे', म्हटलं की तो तेव्हाच काम करतो आणि उत्तर हातात देतो. नाही विचारलं तर ढिम्म. थर्मास भरून चहा करून ठेवायचा नाही, कोणी मागितला की आधण ठेवायचं.

पेशंटच्या नावापुढे आता नंबर नाही, नंबर देणारा सप्लायर. अकरा ओळींची एक ओळ झाली. बावीस वर्षं उगाच इतकं टाइप केलं.

६ मार्च, गुरुवार
हा नुसता कोड नाही, जगायची रीत आहे. मागितल्याशिवाय काही करायचं नाही. मागितलं की लगेच करायचं. निम्मी दगदग वाचते.

हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, यात नवीन काय, तुम्ही लग्न झाल्यापासून असेच आहात.

मग बाबांचा विषय निघाला. बाबा दोन गल्ल्या सोडून एकटेच राहतात. त्यांचा उजवा डोळा आधीच अधू, आणि आता डाव्या डोळ्याने मधोमध काळा डाग दिसतो. वर्तमानपत्राची कड दिसते, बातमी दिसत नाही. साध्या डॉक्टरांनी सांगितलंय, उशीर करू नका, डोळ्याच्या पडद्याच्या, रेटिनाच्या, डॉक्टरांना दाखवा. ते फक्त सोमवारी येतात. हिने सतराची तारीख घेतली आहे, माझ्याच हॉस्पिटलात. हिच्या शाळेत तेव्हा परीक्षा, म्हणून मी जायचं.

मी म्हटलं, त्यांनी म्हणू दे ना, ये म्हणून. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. ही म्हणाली की त्यांनी जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही, तेव्हा तुम्हीच विचारा. बरं म्हटलं. संकल्प: उद्या बाबांना फोन.

७ मार्च, शुक्रवार
फोन राहिला. काम फार.

१० मार्च, सोमवार
आमचा कोड तपासणाऱ्या टेस्टरबाई माझ्या जागेवर आल्या. म्हणाल्या, एकाच पेशंटचा नंबर दोनदा विचारला तर दोन वेगळे नंबर येतात. मी समजावलं की सप्लायर असाच असतो, विचाराल तेव्हा काम करतो. त्या म्हणाल्या, अहो, पण माझा चहा कुठंय म्हणून विचारलं तर तोच कप दाखवायचा, की परत आधण ठेवायचं?

आता यांना काय सांगणार? पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हटलं, नंबर एकदा कळल्यावर दुसऱ्यांदा कोण विचारतं? त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या. बाईंना नव्याची भीती वाटते. वय होतं माणसाचं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत, पण तरी.

१२ मार्च, बुधवार
डेमो. प्रत्येकाचा नंबर एकदाच विचारला. झकास. लीड 'छान' म्हणाला, आणि तेही सगळ्यांसमोर. तळमजल्याची धास्ती गेली.

१४ मार्च, शुक्रवार
बाबांना फोन केला! वीस मिनिटं बोललो. सप्लायर समजावला. सांगितलं, तिथली नंबरांची सिस्टिम माझी आहे, निर्धास्त बसा. बाबांनी विचारलं, तुझं नाव असतं का त्या पडद्यावर? म्हटलं, नाव नसतं. म्हणाले, असायला हवं.

सतराला येऊ का, हे विचारणारच होतो. तेवढ्यात लीडचा फोन आला.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०
बाबांचा फोन. विचारलं, आज कामात आहेस का? म्हटलं, हो, आजच तर सुरू होतंय. म्हणाले, असू दे, असू दे, सहज केला. म्हणजे मागितलं काहीच नाही. रिक्षाने जातील. तत्त्वाला धरून आहे.

१०.१५
सुरू! स्क्रीनवर नंबर पळताहेत. ऊर भरून आला.

११.०५
हॉस्पिटलच्या काउंटरवरून फोन. लोक भांडताहेत म्हणे. लोक काय, कुठेही भांडतात.

१२.२०
लीड आला. 'अहो' म्हणाला नाही.

काउंटरवर कोणी येऊन "माझा नंबर कधी?" असं विचारलं की तिथली मुलगी त्याचं नाव उघडायची. नाव उघडलं की सप्लायर नवा नंबर द्यायचा, थेट शेवटचा. गप्प बसले ते आत गेले. ज्याने विचारलं तो रांगेच्या टोकाला.

टेस्टरबाई "मी सांगितलं होतं" असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं.

१.३०
सिस्टिम बंद केली. हिचा फोन, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हटलं, काही असतं तर बाबांनी कळवलं असतं. हिने फोन ठेवला.

संध्याकाळी ६.३०
बाबांकडे गेलो. दार उघडंच होतं. टेबलावर हॉस्पिटलच्या नंबराची चिठ्ठी. नऊ खोडून सव्वीस, सव्वीस खोडून एक्केचाळीस, एक्केचाळीस खोडून अठ्ठावन्न.

पडद्यावरचा आकडा दिसत नव्हता, म्हणून उठून विचारायला गेले होते. तीनदा. जन्मात कुणाला काही न विचारणारा माणूस. दोन वाजता डॉक्टर निघून गेले. मी विचारलं, भांडला का नाहीत? म्हणाले, तुझं मशीन आहे, मला वाटलं माझंच काही चुकतंय.



१८ मार्च, मंगळवार
दुरुस्ती झाली. पहिलं उत्तर जपून ठेवायचं, परत विचारलं तर तेच द्यायचं. तीन ओळी. टेस्टरबाईंच्या वहीत दहा तारखेपासून होत्या.

लीडने नीट बसवून सांगितलं की खालच्या कामाला अनुभवी माणूस हवा. खाली शांतता असते. झेरॉक्सही जवळ पडते. बघू.

बाबांना विचारलं, डाग कसा आहे? म्हणाले, आहे. मोठा झालाय का, हे मी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ११.२०. हॉस्पिटल
रजा टाकून आलोय, कोणी न मागता. हे मुद्दाम लिहून ठेवतो. येताना हिलाही सांगितलं. ही म्हणाली, फोटो काढून लावू का?

हॉस्पिटलने मशीन बंदच ठेवलंय. वॉचमन बॉलपेनने चिठ्ठ्या लिहून देतो. आमचा सात. बाबांनी तीनदा विचारलं, किती नंबर? तिन्ही वेळा मी सातच सांगितलं.

शेजारी एक गृहस्थ बसलेत, डोळ्यावर पट्टी. बाबा त्यांना म्हणाले, हा माझा मुलगा, इथली नंबरांची सिस्टिम यानेच केली. गृहस्थ म्हणाले, हो का? मी गेल्या सोमवारी इथेच होतो. पाचदा विचारलं.

बाबा म्हणाले, नवीन होतं हो ते, होतं असं.

१२.५०
इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आला असतात तर बरं झालं असतं. किती दिसेल ते महिन्याने कळेल. उशीर का झाला, असंही विचारलं. बाबा म्हणाले, मीच टाळलं.

मी शेजारीच उभा होतो. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी काही बोललो नाही.