काळ्या शेळीच्या पिशवीची साक्ष

लिहून ठेवतो की, मी तात्याबा धुळा सरगर, जातीने धनगर, वय अंदाजे पंचावन्न, राहणार आटपाडीजवळची सरगर वस्ती, संस्थान औंध. आधी मेंढरं राखली, मग पलटणीत बाजा वाजवला, आता पुन्हा मेंढरं राखतो. छातीत कफ आहे, दम पुरत नाही. डोकं मात्र ठिकाणावर आहे. ते फिरलंय म्हणणारे गावात पुष्कळ आहेत, पण त्यांच्यात वैद्य एकही नाही. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट लिहू नको, असंच सगळे सांगत होते.

कलम १. वस्तीवरचं छपराचं घर, पुढची मेंढरं बसवायची जागा आणि ओढ्याकडचं बाजरीचं रान यांतला माझा हिस्सा माझी एकुलती मुलगी अंजना हिला द्यावा. जावई गुंडा स्वभावाने गरीब आहे, पण बाजा सुरू झाला की कानांवरून मुंडासं ओढून घेतो. म्हणून त्याला माझी घोंगडीसुद्धा देत नाही. ती घोंगडी आणि पलटणीचा गरम कोट माझा पलटणीतला जोडीदार नाथाजी याला आधीच देऊन टाकला, म्हणजे या कागदात त्याचा वाटा नाही. त्याने माझं बोलणं ऐकून घेतलं. पटलं किती, ते विचारलं नाही.

कलम २. आता मुख्य जिन्नस. माझा बॅगपाईप. फुंकायची एक नळी, बोटांनी वाजवायची एक, आणि खांद्यावर टेकून एकच सूर धरणाऱ्या तीन. नळ्या पलटणीतल्या जुन्या संचातल्या. निघताना मला दिल्या. पिशवी मात्र फाटली होती, ती मी घरच्या काळ्या शेळीची केली. पाण्याची मशक करतात तशीच: पोट न चिरता मानेकडून सबंध कातडं उलटं ओढून.

हा बाजा इंग्रजाचा नाही. हे मी चावडीत सांगितलं, बाजारात सांगितलं, बिरोबाच्या देवळापुढे सांगितलं, आणि सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. आता कागदावर सांगतो, निदान मध्येच कोणी उठून तरी जाणार नाही.

पहिल्या जर्मन लढाईत आमची पलटण इराकात बसऱ्याला उतरली. तिथे बंदरावर एक माणूस बगलेत शेळीचं सबंध कातडं दाबून वाजवत होता. कातड्याच्या पायांना मारलेल्या गाठी तशाच दिसत होत्या. ना साहेब, ना पलटण, अंगावर धड सदरा नाही. मी बाजा शिकवणाऱ्या आमच्या उस्तादाला विचारलं. तो खराखुरा स्कॉटलंडचा होता, आणि त्या जातीत सापडेल तेवढा प्रामाणिक होता. म्हणाला, रोमचा नीरो बादशहा बगलेत पिशवी दाबून वाजवायचा असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय, आणि आमच्या डोंगरात हा बाजा आल्याची खूण त्यानंतर कित्येक शतकांची. मिसर देशाच्या जुन्या थडग्यांत बोरूच्या जोडपाव्या निघतात, तेही त्यानेच सांगितलं. पावीला पिशवी पहिल्यांदा कोणी जोडली, असं विचारल्यावर म्हणाला, ते कोणालाच ठाऊक नाही.

मला ठाऊक आहे. पुरावा नाही, पण ठाऊक आहे. नुसती पावी वाजवताना मेंढराला हाक मारायची तर सूर तुटतो. पिशवीत वारा भरून ठेवला की तोंड मोकळं. हाक मारा, शिवी द्या, सूर चालूच. हे राजाला कशाला सुचेल? ज्याच्याजवळ कातडं आहे, बोरू आहे आणि कळप पांगतोय, त्यालाच सुचेल. पण कातडं कुजतं, बोरू कुजतो. राजाचं दगडात राहतं; मेंढक्याचं काहीच मागे राहत नाही, आणि मग लोक विचारतात, पुरावा दाखव.

पलटणीतले साहेब म्हणत, हा आमचा बाजा. आमचं गाव म्हणतं, हा साहेबांचा बाजा. दोघांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत, आणि मधे मी खुळा.

कलम ३. माझा थोरला भाऊ आकाराम याच्याविषयी. तो देवळाचा पंच आहे. बिरोबाच्या जत्रेत गजढोलाबरोबर हा बाजा एकदा वाजावा, एवढीच माझी इच्छा होती. तो म्हणाला, "इंग्रजाचा बाजा देवाम्होरं न्हाई." ढोलाला कातडं चालतं, बाजाला चालत नाही.

तर हे नोंदवून ठेवतो. दुष्काळाच्या साली मी पेन्शनीसाठी साताऱ्याला गेलो होतो. मागे वहिनी हरणाबाईंनी बाजाच्या नळ्या उपटून कोनाड्यात ठेवल्या, पिशवीची भोकं लोकरीच्या दोऱ्याने आवळली, आणि तिच्यातून मेंढरांमागे गेलेल्या आकारामला पाणी नेलं. मी परत येऊन पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. त्या म्हणाल्या, "आवं भावजी, आपल्या काळ्या शेळीची मशक न्हवं का ती? भोकं पडली म्हणून टाकली आसंल म्हटलं. बांधली म्या." थेंब गळत नव्हता. मी पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. जगात माझं म्हणणं न सांगता कळलेलं एवढं एकच माणूस, आणि रागावलो मी त्यांच्यावरच.

पुढे बेचाळीस साली गावात विलायती कापडाची होळी झाली. आकाराम माझा बाजा होळीत टाकायला काखेत मारून निघाला. वहिनींनी वाट अडवली. "ह्यातलं पाणी पिऊन जगलायसा तुमी," म्हणाल्या. तो म्हणाला, "पाणी येगळं, बाजा येगळा." पण बाजा खाली ठेवला. मात्र त्यातलं पाणी प्यालो, हे चारचौघांत तो आजवर बोललेला नाही. त्याच साली माझ्या छातीत कफ धरला, आणि तेव्हापासून माझ्या हातात बाजा मुका आहे.

कलम ४. नळ्या अंजनाला. तिला वाजवता येतं. सासरी चोरून, रानात उघड. पिशवी हरणाबाईंना. त्यांनी पाणी भरावं की वारा भरायला अंजनाला द्यावी, ते त्यांच्या मर्जीवर. कातड्याची पारख माझ्यापेक्षा त्यांना अधिक आहे.

कलम ५. माझी सगळी मेंढरं, शिंगाळ्या नरासकट, आकारामला. पण ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीला बसू नये, असं कचेरीतले जाणते सांगतात. माझ्याकडे दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी आहे. तिथे आकारामने अंगठा द्यावा, आणि त्या साली पाणी कशातलं प्याला ते सांगावं. दिला, तर मेंढरं अंजनाची. न दिला, तर मेंढरं खुशाल न्यावीत आणि जागा तशीच कोरी राहू द्यावी. मग एकाच साक्षीच्या या कागदाला किंमत नाही, हेही मला ठाऊक आहे. भावाकडून मला मेंढराची राखण नको होती. एक शब्द हवा होता, आणि त्यासाठी आयुष्यभर घसा फोडला, याचा मला फार संताप आहे.

हे सर्व माझ्या हाताने लिहिलं, वाचून पाहिलं, आणि खोडण्याजोगं बरंच असूनही काही खोडलं नाही.

मुक्काम आटपाडी, तारीख १२ मार्च १९४६.

सही: तात्याबा धुळा सरगर

साक्षीदार:

१. सही: नाथाजी बाबाजी पाटील, पेन्शनर

२. निशाणी डाव्या हाताचा अंगठा: आकाराम धुळा सरगर, हस्ते नाथाजी. कागद दोनदा वाचायला लावून अंगठा केला, आणि सांगितलं तसं लिहिलं: "त्या साली म्या त्यातलंच पाणी प्यालो. बाजा मेंढक्याचा हाय. मेंढरं पोरीला द्या. आन् तात्या, आवंदाच्या जत्रंला तिला वाजवू दे देवाम्होरं. तू हाईस तवर."