उजव्या ओढ्याचं पाणी

३ जुलै
रात्रभर धो धो पाऊस. सकाळी नेहमीप्रमाणे दोन्ही ओढ्यांचं पाणी बाटल्यांत भरून शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलं. डावी बाटली — नुसता चिखल! तिकडच्या टेकड्या लोकांनी बोडक्या केल्यात ना. उजवी स्वच्छ. म्हणजे दादाने यंदाही रानातलं एकही झाड पाडू दिलेलं नाही. शहर ते पाणी पितं, मला त्यात त्याची खुशाली कळते. नऊ वर्षं एवढीच काय ती खुशाली!

५ जुलै
नदी राखणाऱ्या संस्थेचा कागद आला. वडिलांचं रान आणि खालची शेती आम्हा दोघा भावंडांच्या नावावर. मालकी आमचीच राहणार, पण झाडं कधी तोडायची नाहीत, ओढ्याकाठी नांगर घालायचा नाही — उद्या कुणी विकत घेतलं तरी नाही. दादाची सही झालेली. माझी महिनाअखेरीपर्यंत हवी, नाहीतर करार रद्द. आणि लाकडाचा व्यापारी टपून बसलाय.

एक फोन करायला काय झालं होतं त्याला? नऊ वर्षांपूर्वीच्या भांडणात मी म्हटलं होतं, "माझी अर्धी झाडं विकून टाकते!" तो म्हणाला, "मग इकडे फिरकू नकोस." फिरकले नाही. विकलीही नाहीत. स्वतःच्या तोंडाने मागेल तेव्हाच सही करीन.

९ जुलै
लेक म्हणाली, "आई, बाटलीकडे बघून कसले उसासे टाकतेस? सरळ मामाकडे जा की!" मोठी शहाणी! दिवसभर तिच्याशी धड बोलले नाही.

१४ जुलै
ऑफिसातली टेलिफोनवाली उद्यापासून रजेवर. टेबल माझ्याकडे सोपवताना म्हणाली, "पाऊस पडला ना, की एका काकांचा फोन येतो. तक्रार नसते हो. उजव्या ओढ्याचं पाणी कसं आहे, एवढंच विचारतात. आणि मग — ते तपासणाऱ्या बाई बऱ्या आहेत ना? म्हणजे तुम्हीच की!"

"कधीपासून?"

"मी लागले तेव्हापासून. झाली की सात वर्षं."

नळ सोडून पाण्याच्या आवाजात ढसाढसा रडले. डोळे अजून सुजलेलेच आहेत.

१५ जुलै
सही केली. वाकडी आली. असू दे.

१९ जुलै
आला एकदाचा पाऊस! टेलिफोनपासून हलले नाही, डबासुद्धा तिथेच उघडला. दुपारी वाजला. तोच आवाज, जरा थकलेला.

"उजव्या ओढ्याचं पाणी कसं आहे?"

किती बोलायचं ठरवलं होतं! आणि मी बावळट — आवाज जाड करून म्हणाले, "स्वच्छ आहे."

"आणि त्या बाई?"

"बऱ्या आहेत."

"बरं," म्हणाला. ठेवला.

नऊ वर्षांनी बोलले आणि मी कोण तेसुद्धा सांगितलं नाही! मला घरी जायचंय. त्या ओढ्यात पाय सोडून त्याच्या शेजारी बसायचंय. आता पुन्हा पाऊस कधी येणार?

२० जुलै
कडक ऊन. पावसाचा थेंब नाही. तरी फोन वाजला.

"जेवलीस का?"