वहीतली चार वर्षांची सावनी

आई,

कुकरमध्ये वरण-भात आहे. मी चारबाग स्टेशनवरून सकाळच्या गाडीने प्रयागला जातेय, रात्री परतेन.

वंशावळ कशी शोधावी याची नवशिक्यांसाठीची पुस्तिका वाचतेय ना, तिचा पहिला नियम आहे: घरी ऐकलेलं जुन्या कागदाशी ताडून बघा. म्हणून प्रयागच्या आपल्या तीर्थोपाध्यायांकडून आपल्या घराण्याच्या नोंदींच्या वहीतल्या पानाचा फोटो मागवला. १९९८मध्ये आजोबांच्या अस्थी घेऊन बाबा गेले, तेव्हा त्यांनी लिहिलंय: "पत्नी शुभदा, कन्या सावनी, वय चार."

माझा जन्म २००१चा. तीनदा पाहिलं, अक्षर बाबांचंच आहे.

पुढच्या पानाचा फोटो मागितला, तर उपाध्याय म्हणाले, "बिटिया, वो आप खुद आकर देखिए."

माझ्या वाढदिवसाला तू दोनदा ओवाळतेस. विचारलं की म्हणतेस, "अगं, आधी वात नीट लागली नव्हती."

पुस्तिकेतला तक्ता टेबलावर आहे. भावंडांच्या रकान्यात वहीतल्या त्या सावनीचं नाव पेन्सिलने लिहिलंय. जमलं तर पुढे जन्मतारीख लिही. नाही जमलं तर नाव खोड, मी विचारणार नाही. पण यंदाही दोनदा ओवाळ.

सावनी