मादीपुरतं दार

प्रिय साहेब,

‘प्रिय’ सवयीनं आलं, मनावर घेऊ नकोस. आणि साहेब म्हणतेय, कारण प्राणिसंग्रहालयात सगळेच तुला तसं म्हणतात. बायको होते तेव्हाही कामावर मी तेच म्हणायचे. परवा तीन वर्षांनी तुझा फोन आला. माझ्या आईचे गुडघे, माझी नवी नोकरी, इतक्या आस्थेनं विचारपूस केलीस की मी ओळखलं, काहीतरी काम आहे. होतंच. चौकशी समितीपुढे मी सांगायचं की बिबट्यांच्या घराच्या मागच्या भिंतीतलं भोक माझ्याच सल्ल्यानं बंद केलं. वर म्हणालास, तुझं काय जातंय, तू तर सोडून गेलीस. विचार करते म्हणाले आणि फोन ठेवला. तर तो विचार आता वाच.

ते घर आपण उभं केलं तेव्हा तू असा नव्हतास. अंगावर ढगांसारखे डाग असलेला ढगाळ बिबट्या झाडावरचा प्राणी, जमिनीवर ठेवला की झुरतो, म्हणून तू वरिष्ठांशी भांडून छत दुप्पट उंच करून घेतलंस. वाळलेले बुंधे, वेली, उन्हात लोळायला फळ्या, पावसात बसायला कपार. बाहेरची माणसं मुद्दाम बघायला यायची आणि तुझी कॉलर ताठ व्हायची. नकाशा मात्र माझा, आणि भोकाची कल्पनाही माझीच. या जातीत नर मादीपेक्षा खूपच मोठा, आणि महिनोन्‌महिने गुण्यागोविंदानं राहून एखाद्या दिवशी तिची मान मोडतो. का, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून मागच्या भिंतीत उंचावर असं भोक ठेवलं की मादी आत जाईल आणि नराचे खांदे अडकतील. पलीकडे तिची एकटीची खोली. खात्री करायला तू स्वतःच डोकं घातलंस आणि खरंच अडकलास. बिबट्यांचं खाणंपिणं बघणाऱ्या नानांनी तुझे पाय धरून तुला ओढून काढलं, आणि मी खाली बसून पोट धरून हसत होते. आपल्या लग्नातलं तेवढं हसणं माझ्या लक्षात आहे.

आपली मादी, चिमी, त्या खोलीत तासन्‌तास बसायची. वाटलं तर बाहेर, नाहीतर आत. लोक कुरकुरायला लागले, तिकीट काढलं आणि मादी दिसलीच नाही. मग तू भोकावर खडकासारखी रंगवलेली फळी ठोकलीस. मी तेव्हा सोडून गेले होते. नानांनी तुला सांगून बघितलं की तिला पळायला जागा उरली नाही. तू म्हणालास, इतके दिवस नांदतायत ना. नांदणं हा तुझा लाडका शब्द. आपल्या घरी मी दार लावून वाचत बसले की तू उघडून विचारायचास, काय झालं, रागावलीस का. रागावले नव्हते रे. तासभर कुणी माझ्याकडे बघू नये एवढंच हवं होतं. सांगून सांगून तोंड दुखलं, शेवटी घराबाहेर पडले. तू अजून लोकांना सांगतोस की हिचं डोकं फिरलं होतं.

चिमीला घराबाहेर पडता येत नव्हतं. सकाळी नानांना ती भोकाखालच्या फांदीवर सापडली, मान मोडून मेलेली. फळीवर तिच्या नखांचे ओरखडे होते. तू वर्तमानपत्रात म्हणालास, निसर्गापुढे कुणाचं चालत नाही. आणि आता समितीपुढे म्हणतोयस की नानांनी दोघांना चुकीच्या वेळी एकत्र सोडलं. म्हणजे सल्ला माझा, चूक नानांची, आणि तू नामानिराळा. निवृत्तीला आलेल्या माणसावर खापर फोडताना तुला काहीच वाटलं नाही? त्यांच्या बायकोचा मला फोन आला होता. रडल्या नाहीत, फक्त विचारलं, ताई, साहेब असं का म्हणतात? तुझी इतकी लाज मला आपल्या घटस्फोटातही वाटली नव्हती.

एवढं सगळं बोलून झाल्यावर तू आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलंस की पुढच्या महिन्यात नवी मादी येतेय. फळी काढलीस का विचारलं, तर म्हणालास, आधी लोकांना तिला डोळे भरून बघू दे, मग बघू. माझा विचार तिथेच संपला होता. आज सकाळी मी ती मादी पाठवणाऱ्या संग्रहालयातल्या डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी तिला पाठवणं रद्द केलंय. उद्या समितीपुढे नानांच्या शेजारी बसून मी तेच सांगणार आहे. तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको, म्हणून हे पत्र. बाईंना मी विचारलं, तिकडे ती कशी राहते. सिमेंटची जमीन, वर पत्रा, चढायला एक ओंडका, बस. दुसरं काही बांधायची त्यांची ऐपत नाही. मी आयुष्यात काढलेलं सगळ्यात चांगलं घर तुझ्याकडे आहे, आणि त्या मादीनं जन्मभर त्या पत्र्याखाली राहावं, अशी व्यवस्था मी आज माझ्या हातानं करून ठेवलीय.

तुझीच,
एकेकाळची