चिंगीला हात कसा लावायचा

सुदर्शन,

"मांजर माझंच आहे," असं तू संस्कृतीला फोनवर सांगून बसलास, आणि तीन वर्षांत तू माझ्या मांजराला एकदाही हात लावलेला नाहीस. आज संस्कृती आणि तिच्या घरचे लोक आपलं घर बघायला आले की ती आधी मांजरच मागणार. म्हणून लिहून ठेवते.

तिचं नाव चिंगी आहे, मनी नाही. वाळूजच्या कंपनीतून आलास की हात साबणानं धू, ऑइलचा वास तिला चालत नाही. वरून डोक्यावर हात नेऊ नको, आधी बोट नाकापुढं धर, हुंगू दे. मग गालावरून कानामागं हळू खाजव. समोर लोळली तरी पोटाला हात लावू नको. शेपूट आपटायला लागली की थांब.

मी बिडकीनला मावशीकडं जाते. "सुदर्शनचं लग्न ठरलं की तुझ्या घटस्फोटाचं सांगू, आज तू दिसू नकोस," असं आई म्हणाली तेव्हा तू समोर चहा पीत होतास. माझी खोली चिंगीची म्हणून दाखव.

होकार आला तर फोन कर. मग लग्न होईपर्यंतही मी तिथंच राहायचं का, हे मावशीला सांगावं लागेल.

तनुताई